ट्यूमर मार्कर (स्तनाचा कर्करोग)

गाठीच्या पेशींत किंवा रुग्णाच्या रक्तात सापडणारे, रोग पुढे कसा वागेल आणि त्यावर कोणते औषध चालेल हे सुचवणारे रेणू. त्यांची दोन कुळे आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. प्राथमिक रोगाचा उपचार ठरतो तो गाठीच्या तुकड्यातल्या मार्करवर: इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (पीआर), हर-टू आणि पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारे केआय-६७. सीए १५-३ आणि सीईए हे रक्तातले.

निदान १% पेशींत ईआर दिसला तर गाठ ‘ईआर पॉझिटिव्ह’. मग टॅमॉक्सिफेन किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला लेट्रोझोलसारखी गोळी, ५ ते १० वर्षे. अशा गाठी सुरुवातीला सौम्य वागतात, पण १५-२० वर्षांनीही उलटू शकतात. ‘आता काही त्रास नाही’ म्हणून गोळी परस्पर बंद करणे त्यामुळेच धोक्याचे. ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही नसलेली ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठ बहुधा पहिल्या ३ ते ५ वर्षांत उलटते. भारतात तिचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आहे.

हर-टूचा निकाल ० ते ३+ असा येतो. २+ म्हणजे संशय. त्यासाठी फिश ही जनुकीय तपासणी करावी लागते. एके काळी हर-टू पॉझिटिव्ह ही वाईट बातमी असे. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि तोच मार्कर औषधाचा पत्ता झाला. हे औषध साधारण वर्षभर चालते, अधूनमधून हृदयाचा इको करून. प्रश्न पैशांचा होता.  भोसरी एमआयडीसीत बस्तान असलेल्या एम्क्युअर कंपनीशी करार करून रोश कंपनीने २०१२ मध्ये ‘हर्क्लॉन’ हा तुलनेने स्वस्त ब्रँड आणला. २०१४ मध्ये बायोकॉनचे ‘कॅनमॅब’ आले आणि भाव आणखी उतरले. तरीही कामगाराच्या घराला हा खर्च जडच.

हे सारे निकाल अवलंबून असतात ते तुकडा नीट जपण्यावर. काढलेली गाठ तासाभरात १०% फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि ६ ते ७२ तास तिथे राहायला हवी. उशीर झाला तर असलेला ईआरही ‘नाही’ असा दिसू शकतो, आणि एका बाईची हक्काची गोळी हुकते. तुकडा पुढे मेणाच्या ‘ब्लॉक’मध्ये बसवतात. बायोप्सी पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात झालेली असो वा पुण्यात, पुढे परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे तर रिपोर्टाबरोबर हा ब्लॉकही न्यावा. त्यावर वर्षांनंतरही फेरतपासणी करता येते.

सीए १५-३ चा आकडा प्राथमिक रोगात बहुतेकदा सामान्यच असतो आणि यकृताच्या साध्या आजारातही वाढतो. म्हणून निदानासाठी किंवा बऱ्या झालेल्या बाईच्या नेमाच्या तपासणीसाठी तो मार्गदर्शक तत्त्वांत सुचवलेला नाही. त्या एका आकड्यापायी कित्येक घरांची झोप उगाच उडते. रोग हाडांत, यकृतात पसरला असेल तेव्हा स्कॅनच्या जोडीने त्याचा चढउतार उपयोगी पडतो. मात्र नवा उपचार सुरू झाल्यावर पहिले ४ ते ६ आठवडे, औषध लागू पडत असतानाही, तो वाढू शकतो. उलटलेल्या गाठीतले ईआर, हर-टू पहिल्यासारखेच राहतात असे नाही. जमेल तिथे नव्या जागेची बायोप्सी पुन्हा करतात.