कुरुंदाची फेरी

गेल्या पावसाळ्यात दौंडच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मी मुठीत मावेल असे एक यंत्र आणले. त्याच्या टोकाला रबराचे छोटे रीळ असते. त्यावर खरखरीत कागदाची नळी चढवायची आणि स्क्रू पिळायचा. रबर फुगते, नळी घट्ट बसते. या नळीला दुकानदार ‘सँडिंग बँड’ म्हणाला.

मला अब्बांनी केलेली रेहल दुरुस्त करायची होती. कुराण ठेवायची ही घडीची चौकट एकाच फळीतून कोरलेली असते. ना खिळा, ना सरस. ओलीने ती काळी पडली होती. कडेच्या वेलपत्तीच्या खाचांत सपाट पॉलिशपेपर शिरत नव्हता.

आमच्या घरात सुतारकाम आजोबांपासूनचे. ते दौंडला रेल्वेत होते. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. त्या काळी डब्यांची बाके, खिडक्या, दारे लाकडाची. गाडी लोखंडी रुळांवरून धावली तरी तिला सुतार लागेच. अब्बांनी मात्र दुकान शिरूरला टाकले. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. रंधा मारून झाला की अब्बा पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून बसायचे. मी जोर लावला की म्हणायचे, “हल्लू, बेटा.”

हा खरखरीत कागद आला कुठून? तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा डिंकाने चर्मपत्रावर चिकटवत. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ साली काचेचा चुरा लावलेला कागद मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. पण आपल्याकडे त्याआधीपासून कुरुंद होता. हिऱ्याखालोखाल कठीण असा हा दगड. त्याची पूड लाखेत मिसळून शिकलगार धार लावायचे चाक करीत. रत्नांना पैलू पाडणारेही तेच चाक वापरीत. संस्कृतात ‘कुरुविंद’, तमिळमध्ये ‘कुरुंदम’. चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रज अभ्यासकाने १७९८ साली या दगडावर निबंध लिहिला. इंग्रजीतला ‘कोरंडम’ तो हाच.

पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत माती आणि कोक विजेने तापवले. हिरा झाला नाही. चमकदार, कठीण स्फटिक हाती आले. त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ नाव दिले. कार्बन आणि कोरंडम या दोघांचे हे जोडनाव. घासायच्या वस्तूंचा कारखानदारी काळ तिथून सुरू झाला. आपल्या राज्यात उरणजवळच्या मोऱ्याला १९४१ साली ग्राइंडवेलने घासचाके बनवायला सुरुवात केली.

माझ्या बँडच्या डबीवर ‘अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड’ असे छापले होते. रसायनशास्त्राच्या भाषेत कुरुंद म्हणजे हेच. खाणीतला दगड जाऊन बॉक्साइटपासून भट्टीत केलेला आला, लाखेच्या जागी राळ आली, दगडी चाकाच्या जागी कागदी नळी. दाणा मात्र तोच. शिकलगाराच्या चाकावरचा कुरुंद परदेशी नाव घेऊन दौंडच्या बाजारात परत आला होता.

हे कळल्यावर मला कोण आनंद झाला! त्या आनंदातच चूक झाली. बँडवर आकडे असतात. आकडा लहान तितका दाणा जाड. ६० नंबर खरवडतो, १२० सारखे करतो, २४० गुळगुळीत करतो. कोरीव कामावर ६० नंबर लावूच नये, यंत्र सावकाश फिरवावे, एका जागी थांबू नये, लाकडाच्या रेषेबरोबर हात न्यावा. मी ६० नंबर लावला आणि जोर दिला. तीन-चार सेकंदांत वेलीचे एक पान सपाट झाले. अब्बांनी पटाशीने काढलेली शीर पुन्हा कुठून आणणार? मी यंत्र बंद केले.

दुसऱ्या दिवशी २४० नंबर चढवला, तोंडाला रुमाल बांधला आणि बाकीची वेल पुसल्यासारखी साफ केली. रुमालाची गरज अब्बांना कधी कुणी सांगितली नाही. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले. तोवर अब्बांचा खोकला आम्ही बिडीच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो.

यंत्राचा दोष नाही. खाचेत शिरायला त्याच्याइतके सोयीचे काही नाही. कवितेची ओळही मी अशीच घासत बसतो आणि कधी कधी जास्त घासून बसतो. पण वहीत खोडलेला शब्द खाली दिसत राहतो, लाकडावर दिसत नाही.

रेहल आता पुन्हा कपाटावर आहे. नातवंडे विचारतात, हे एक पान असे का? मी त्यांचे बोट धरून आधी शेजारच्या पानावरून फिरवतो, मग त्या सपाट जागेवरून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)