परदेशात जन्मलेल्या भारतीय अपत्यांचे नागरिकत्व

भारतीय नागरिकांना परदेशात अपत्य झाल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार ठरते. मूळ तरतुदीत केवळ पित्याचे नागरिकत्व विचारात घेतले जाई. परिणामी, परदेशी पुरुषाशी विवाह केलेल्या भारतीय स्त्रीचे तेथे जन्मलेले मूल वगळले जात असे. ही विषमता १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्या अपत्यांपुरतीच दूर झाली.

३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलांची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करणे आवश्यक आहे. मुदत उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. अपत्याकडे अन्य देशाचे पारपत्र नसल्याचेही पालकांना लिहून द्यावे लागते. ही नोंद वरवर किरकोळ भासली, तरी संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात ती निर्णायक ठरते. तेथे परकीय दांपत्याच्या मुलास केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे नोंद राहून गेल्यास मूल कोणत्याच देशाचे नागरिक न ठरण्याचा धोका असतो.

जन्मस्थानामुळे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व लाभलेल्या मुलाने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते न सोडल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.