राज्यकारभाराचे बळ आणि गोदातीराची समृद्धी

कुंभार पिंपळगाव हे आपल्या समाजाचे नाव मिरविणारे गाव. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात ते वसलेले असून समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हेही ह्याच तालुक्यात आहे. जमीन काळी, गोदामाई जवळ, माणसे कष्टाळू. असे असता ह्या प्रदेशाच्या वाट्यास सुबत्ता इतक्या उशिरा का यावी, हा प्रश्न समाजबांधवांच्या मनात अनेकदा येत असेल. कोणी ह्याचा दोष पावसाला देतात, कोणी नशिबाला. आमच्या मते ह्याचे मोठे कारण राज्यकारभाराच्या इतिहासात सापडते. जे सरकार रयतेची जमीन नीट मोजू शकते, ठरविलेल्यापेक्षा अधिक घेत नाही आणि घेतलेले पुन्हा रयतेच्या कामी लावते, त्याच्याच राज्यात पिढ्यानपिढ्या टिकणारी भरभराट होते.

ह्या प्रांताला चांगल्या कारभाराची ओळख नव्हती असे नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर ह्याने जमिनीची पाहणी करून, पीकपाणी लक्षात घेऊन धारा ठरविण्याची पद्धत घातल्याचे इतिहासकार सांगतात. परंतु १६२६ साली तो निवर्तला. पुढे १६३० च्या सुमारास महादुष्काळ पडला, मोगलांच्या स्वाऱ्या सुरूच राहिल्या आणि १६३६ मध्ये निजामशाही लयास गेली. कर्त्या पुरुषाबरोबर कारभारही गेला, कारण तो माणसावर उभा होता, संस्थेवर नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानात चंदुलाल ह्यांचा अंमल असता ह्याच्या उलट चित्र दिसते. सरकार कर्जात बुडालेले. म्हणून महसूल वसुलीचे मक्ते सावकारांना व लष्करी सरदारांना दिले जात. औरंगाबादची टांकसाळसुद्धा एका सावकारी पेढीच्या हाती होती व तिच्या रुपयास लोक ‘पेस्तनशाही’ म्हणत. मक्ता पुढील वर्षी आपल्याकडे राहील किंवा नाही ह्याची मक्तेदाराला खात्री नसे. मग तो विहीर कशाला बांधील, तगाई कशाला देईल? चालू वर्षी हाती लागेल ते ओरबाडणे हाच त्याचा धर्म. ह्यात केवळ कुणबी नागवला गेला असे समजू नये. आपल्या पूर्वजांचे बलुते खळ्यावर मिळे. खळेच रिते झाले, तर वर्षभर पुरविलेल्या मडक्या-रांजणांचे धान्य कोण घालणार?

१८५३ साली कंपनी सरकारच्या देण्यापोटी निजामास वऱ्हाड प्रांत लावून द्यावा लागला. त्याच वर्षी पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी मक्तेदारी मोडण्यास आरंभ केला, पगारी अंमलदार नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून आजच्या जिल्हा प्रशासनाचा पाया घातला. हे कार्य थोर होते, तथापि अपुरे राहिले. संस्थानचा सुमारे दोन पंचमांश मुलूख सर्फ-ए-खास, पायगा व जहागिऱ्यांचा होता. तेथे दिवाणी कारभाराचा हात पुरता पोहोचत नसे. वऱ्हाडातून नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ मध्येच धावली. मनमाड-जालना-सिकंदराबाद मार्ग पुरा होण्यास १९०० च्या आसपासचा काळ उजाडला. दोहोंकडे कापसाची काळीच जमीन, पण बाजारपेठेच्या वाटेत एका पिढीचे अंतर पडले.

ह्याच काळातील जपानचे उदाहरण बोधप्रद आहे. त्या देशाने १८७२ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना जाहीर केली व १८७३ मध्ये जमिनीचा धारा रोखीने व निश्चित दराने ठरविला. वसुली आणि शाळा अशी बरोबरीने चालली. आपल्याकडे १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यात साक्षरांचे प्रमाण शेकडा नऊच्या आसपासच होते! दप्तर सुधारले, परंतु दप्तर वाचणारी प्रजा निर्माण झाली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९४९ मध्ये जहागिऱ्या नष्ट झाल्या आणि १९५० च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. एकच कायदा सर्व गावांस लागू होण्याची ही खरी सुरुवात होय. जायकवाडीची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते बसली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. डाव्या कालव्याने गोदाकाठच्या शिवारांत ऊस उभा केला. असले काम मक्तेदार कधीही करू शकला नसता. परंतु ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांचे ऋण ह्या उसाच्या गोडीत विसरता येणार नाही.

धरण बांधले म्हणजे सामर्थ्य पूर्ण झाले असेही नव्हे. वरच्या धरणांत पाणी अडले की जायकवाडी कोरडी पडते. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ मध्ये झाला. तो अमलात येण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले व २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. बलवंतासही नियम पाळावयास लावणे ही राज्याच्या शक्तीची खरी कसोटी आहे.

समाजबंधु-भगिनींनो, चाकाला नुसती गती देऊन मडके घडत नाही. त्यावर जाणता हात असावा लागतो. सरकारच्या चाकावर तो हात नागरिकांचा असला पाहिजे. आपल्या मुलामुलींनी शिकून कारभारात शिरावे, सातबारा व ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचावयास शिकावे, ग्रामसभेत बसून हिशेब मागावा. आपल्या वाडवडिलांना खळ्यावर उभे राहून जे मिळेल ते पदरात घ्यावे लागे. आपणांस मात्र जमाखर्चाची वही उघडून प्रश्न विचारता येतो. हा अधिकार आपण वापरावा, एवढीच आमची विनंती आहे.