श्रेयांकाचे माप

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग होता आणि राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा नांदेडला जोडले गेले व १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आले. गावे जागची हलली नाहीत, पण त्यांचे विद्यापीठ बदलत गेले. निजामाच्या काळात उस्मानिया, नंतर नागपूर आणि २०११ पासून गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ. सीमेपलीकडे आदिलाबादची कॉलेजे वरंगळच्या काकतीय विद्यापीठाशी संलग्न आहेत. एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे जमेस धरले जाते का, हा प्रश्न इथल्या मुलांना म्हणूनच महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे अवघड का झाला? १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. शिकवायचे कॉलेजने, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. नागपूरची कॉलेजेसुद्धा १९२३ मध्ये तेथे विद्यापीठ होईपर्यंत आधी कलकत्ता व मग अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. या पद्धतीत वर्षभराच्या अभ्यासाची किंमत त्या विद्यापीठाच्या परीक्षेपुरती. विद्यापीठ बदलले की स्थलांतर प्रमाणपत्र आणा, पात्रता तपासून घ्या, आणि अभ्यासक्रम जुळला नाही तर पुन्हा पहिल्या वर्षाला बसा.

शेर आणि पायली ही मापे गावोगावी वेगळी होती, तेव्हा धान्याच्या व्यवहारातही अशीच अडचण येई. १९५६ च्या वजनमापे कायद्याने सर्वांना किलोग्रॅम दिला. शिक्षणाला असे समान माप मिळाले ते मात्र एका पेन्शन योजनेतून!

१९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतील प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पण खरे कॉलेज कोणते, हे ठरवायचे कसे? कार्नेगी प्रतिष्ठानने अट घातली की, प्रवेशासाठी शाळेतील किमान चौदा एकके मागेल ते कॉलेज. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन. पेन्शनसाठी कॉलेजांनी हे माप स्वीकारले. कॉलेजातील अभ्यासही असाच तासांवर मोजला जाऊ लागला, तोच श्रेयांक, म्हणजे क्रेडिट.

श्रेयांक नेण्याची कल्पना मात्र याच्याही आधीची. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी जे. स्टॅनली ब्राउन हे हायस्कूलचे मुख्याध्यापक आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी ज्युनियर कॉलेज सुरू केले. हे आपले अकरावी-बारावीचे ज्युनियर कॉलेज नव्हे. पदवीची पहिली दोन वर्षे गावात शिकून उरलेली विद्यापीठात पूर्ण करायची, असा हा प्रयोग होता. पहिल्या तुकडीत सहाच विद्यार्थी होते. प्रयोग टिकला, कारण दोन वर्षांत काय शिकवायचे हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी आधीच जुळवलेले होते. पुढे १९६० च्या कॅलिफोर्निया योजनेने ही वाट राज्यभर रुंद केली. युरोपने १९८९ मध्ये वर्षाला ६० श्रेयांकांची समान पद्धत सुरू केली.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेतून मात्र किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळा, आयटीआय आणि कॉलेज यांना एकाच मापात बसवले: ३० तासांचे शिक्षण म्हणजे एक श्रेयांक आणि वर्षाला ४० श्रेयांक.

कोरपना तालुक्यात सिमेंटचे कारखाने आहेत. हाती काम आले की शिक्षण अर्धवट टाकणारी मुले अशा भागातील शिक्षकांना नवी नाहीत. पूर्वी अशा मुलाचे पूर्ण केलेले वर्षही वाया जाई. आता ते खात्यावर राहू शकते.

परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. किलोग्रॅम धान्याचे वजन सांगतो, धान्य किडके आहे की निरोगी हे सांगत नाही. तास मोजल्याने मूल वर्गात किती वेळ बसले ते कळते, काय शिकले ते कळत नाही. घेणाऱ्या विद्यापीठाने देणाऱ्या कॉलेजावर विश्वास ठेवला नाही, तर खात्यातले श्रेयांक खात्यातच पडून राहतील. जोलिएटचा धडा हाच आहे की, माप नंतर आले, दोन शिक्षकांचे एकमेकांशी बोलणे आधी झाले. गडचांदूर वा राजुऱ्याच्या प्राध्यापकाने कोणते घटक शिकवले, कोणते प्रयोग खरोखर करून घेतले, याची नीट नोंद ठेवली आणि ती पुढच्या विद्यापीठातील सहकाऱ्यापुढे ठेवली, तर त्याच्या विद्यार्थ्याचा श्रेयांक सीमा ओलांडू शकेल. हे काम संगणकातील खाते करणार नाही, ते शिक्षकांनाच करावे लागेल.