मडगार्ड कुठे गेलं?

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-येझदीवाल्यांचा सण. त्या दिवशी जगभर जुन्या गाड्या बाहेर निघतात. आम्हीही काढल्या होत्या. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या हिंगणीच्या पुढे, एका पांदणीत आम्ही सात जण उभे होतो आणि सातही गाड्या बंद होत्या.

काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत असा ठासून बसला होता की पुढचं चाक फिरेना. कुणी काडीने उकरत होतं, कुणी स्क्रूड्रायव्हरने, एकाने तर एटीएम कार्ड काढलं. तेवढ्यात मागून एक स्प्लेंडर आली. मागे चाऱ्याचा भारा, चालवणाऱ्याच्या पाठीवर फवारणीचा पंप, पुढचं मडगार्ड गायब. काका पायसुद्धा न टेकवता आमच्या बाजूने निघून गेले. जाता जाता म्हणाले, "काऊन बापा, रस्ता चुकले काय?"

आम्ही रस्ता चुकलो नव्हतो. रस्ता नाही म्हणूनच तिथे गेलो होतो. याला ऑफ-रोडिंग म्हणतात, हे त्यांना सांगायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही.

सातपैकी एकाच गाडीचं चाक मोकळं होतं. माझ्या. राजदूत १७५. ती बंद पडली होती फक्त प्लग ओला झाला म्हणून. तिलाही पुढचं मडगार्ड नाही, आणि गेले चार महिने ग्रुपमध्ये त्यावरूनच माझी खेचली जात होती.

गोठ्यातली गाडी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी पुण्याची, पण सध्या लॅपटॉप सेलू तालुक्यातल्या घरच्या ओसरीत उघडतो. आबांची राजदूत गोठ्यात, कुटाराच्या पोत्यांमागे उभी होती. आरसी बुकावर साल १९७४. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती मी निदान दहा वेळा काढली असेल, पण खरं इंजिन कधी उघडलं नव्हतं. हे उघडलं. वाटलं होतं त्यापेक्षा आत फारच कमी सामान निघालं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, वेगळी ऑइल टाकी नाही. पेट्रोलमध्येच लिटरमागे ४०-५० मिलि ऑइल मिसळायचं, तेच आतल्या भागांना पुरतं.

गाडी सुरू झाली, पण क्लच प्लेटा घासलेल्या. त्या शोधता शोधता हा ग्रुप सापडला. वर्धा, हिंगणघाट, नागपूर इथली माणसं. एक बँकेतला, एक स्पेअर पार्टच्या दुकानाचा मालक, दोन कॉलेजची पोरं, आणि सगळ्यांचे वडील शोभतील असे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात. सरांकडे जाडजूड रजिस्टर आहे. नवी गाडी ग्रुपमध्ये आली की तिची नोंद होते: कंपनी, साल, इंजिन नंबर, ओरिजिनल काय, बदललेलं काय. माझ्या गाडीपुढे सरांनी लिहिलं, "पुढचे मडगार्ड नाही. चासीला दोन हूक वेल्ड केलेले." आणि म्हणाले, "मडगार्ड शोधा. हूक कापून टाका. मग गाडी गाडीसारखी दिसेल."

ग्रुपमध्ये जायचं तर मेकॅनिक व्हावं लागतं, असं मला वाटलं होतं. खरं तर इतिहासकार व्हावं लागतं. चहाच्या टपरीवर सर तासन्‌तास बोलतात, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपल्या गावरान वाटणाऱ्या गाड्या चिखलासाठीच घडल्या होत्या.

चिखल शोधणारी माणसं

कच्च्या वाटांवरून मोटरसायकल दामटायची ही हौस इंग्लंडमध्ये रुजली. १९१३ साली तिथल्या कार्लाइल गावात सहा दिवसांची एक परीक्षा झाली. वेगापेक्षा टिकाऊपणा तपासणारी. गाडी मोडली तर चालवणाऱ्यानेच दुरुस्त करायची. हीच पुढे इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल म्हणून गाजली. १९२४ साली कॅम्बर्ली इथे काही मंडळींनी नुसती माळरानावरची शर्यत भरवली. तिथून स्क्रॅम्बल आणि पुढे मोटोक्रॉस हा खेळ वाढला.

आता आपल्या बुलेटकडे बघा. आपल्यासाठी ती फौजदाराची, पाटलाची, फार तर लग्नातल्या नवरदेवाची गाडी. पण मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि शॉकअब्सॉर्बर असलेली नवी बुलेट १९४८ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली, ती इंग्लंडमधल्या एका चिखलातल्या ट्रायलमध्ये. त्याच वर्षी इटलीतल्या सॅन रेमोच्या सहा दिवसांच्या परीक्षेत बुलेटवरच्या दोघांनी सुवर्णपदकं घेतली. शोरूमच्या आधी ती चिखलातून पास होऊन आली होती.

जावाचं तसंच. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मन वाँडरर कंपनीची मोटरसायकल बनवायला घेतली. यानेचेकमधला 'जा', वाँडररमधला 'वा'. १९६१ पासून मैसूरची आयडियल जावा कंपनी ती भारतात बनवू लागली, आणि १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं. नेमक्या त्याच काळात, १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं, सहा दिवसांच्या परीक्षेची मुख्य ट्रॉफी चेकोस्लोव्हाकियाकडे होती. आपल्याकडे याच घराण्यातली गाडी खत आणि कापसाची गाठोडी वाहत होती.

आणि राजदूत? ती पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात ती भारतात बनवली. १७३ सीसी, तीन गिअर. गंमत म्हणजे एस्कॉर्ट्सने ट्रॅक्टरचं तंत्रही पोलंडच्याच उर्सूस कंपनीकडून घेतलं होतं. म्हणजे वावरातला ट्रॅक्टर आणि बांधावरची राजदूत या एका अर्थाने सख्ख्या बहिणी.

राजदूतच्या पुढच्या चाकाची रचना मला सगळ्यात आवडते. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढे दोन सरळ नळ्या असतात, ब्रेक दाबला की त्या दबतात आणि गाडी नाकावर वाकते. राजदूतचा पुढचा फोर्क अर्ल्स पद्धतीचा. अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रजाच्या नावावरून. चाक एका आडव्या दांड्याच्या टोकाला बसतं आणि तो दांडा चाकाच्या मागे बिजागरासारखा हलतो. ब्रेक दाबला तर पुढची बाजू वाकत नाही, उलट किंचित वर उठते. मागे दुधाचे दोन कॅन, समोर नाला, ओला उतार. अशा वेळी गाडी नाकावर गेली नाही, यातच सगळं आलं.

वर्ध्याचा रस्ता

इंग्लंडमध्ये माणसं रविवारी मुद्दाम चिखल शोधत होती, तेव्हा वर्ध्यात तो शोधायची कुणाला गरज नव्हती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले, ते पायी. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झालं. पावसाळ्यात त्या वाटेवर बंडी आणि बैल हेच वाहन. त्या काळच्या आठवणींत जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्ड गाडीचा किस्सा येतो. तिला बैल जोडले होते आणि सगळे तिला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हणत. ऑक्स म्हणजे बैल, पुढे फोर्ड.

मला हा किस्सा नुसता गमतीचा वाटत नाही. जमनालालजींना दत्तक घेतलेल्या घराण्याचे वर्ध्याचे शेठ बच्छराज. त्यांच्याच नावाने १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. १९४८ पासून ती बाहेरून दुचाकी आणि तीनचाकी आणून विकू लागली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. याच बजाजने २००७ मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत हिस्सा घेतला. केटीएम म्हणजे २००१ ते २०१९ पर्यंत डकार रॅलीची मोटरसायकल गटातली प्रत्येक शर्यत जिंकणारी कंपनी. ज्या घराण्याच्या मोटारीला चिखलापुढे बैल जोडावे लागले, त्याच घराण्याकडे जगातल्या सगळ्यात दणकट ऑफ-रोड गाड्यांचा वाटा आला. सेवाग्रामला जाल तेव्हा हे आठवा.

मग रस्ते आले. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि लिटरमागे किती किलोमीटर हा प्रश्न पहिला झाला. पेट्रोल पिणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या. १९९६ मध्ये मैसूरचा कारखाना बंद झाला. डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली आणि गावोगावी डांबर पोहोचू लागलं. माझा जन्म याच सुमारासचा. मला शाळेत न्यायला एसटी होती. आबांची गाडी गोठ्यात गेली.

माझ्या मते आपल्याकडे ऑफ-रोड ही हौस इथे सुरू होते. रस्ता आल्यावर. त्याआधी तिला नावच नव्हतं. ती दुधाची फेरी होती, बाजार होता, दवाखाना होता.

ओरिजिनल म्हणजे काय?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. १९७४ ची माझी गाडी वयात बसत होती. अडचण त्या दोन हुकांची. ते चासीलाच वेल्ड केलेले होते.

मी ठरवलं, सगळं ओरिजिनल करायचं. नागपूरच्या भंगार बाजारात जुनं मडगार्ड मिळालं. हूक कापायला ग्राइंडर आणला. बाबा वावरातून आले, ओसरीवर मडगार्ड पाहिलं आणि थबकले.

"हे कायले आणलं?"

"ओरिजिनल आहे, बाबा. आपल्या गाडीचं हरवलंय ना."

"हरवलं नाही. तुह्या आबानं काढलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बाबा तेव्हा सात वर्षांचे. श्रावणात, दिवस मावळताना, आजीला निंदण करताना साप चावला. आबांनी तिला राजदूतवर मागे बसवलं, लुगड्याने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि सेवाग्रामच्या दवाखान्याकडे निघाले. पांदणीत चाक जाम झालं. उकरलं. पुन्हा जाम. तिसऱ्यांदा आबांनी पाना काढला, मडगार्डचे नट सोडवले आणि ते धुऱ्यावर फेकलं. बाबा मागून बॅटरी घेऊन पळत होते. पानाच्या आवाजापर्यंतच त्यांना आठवतं. पुढे गाडी गेली.

आजी वाचली. मडगार्ड दुसऱ्या दिवशी सापडलं, पण आबांनी ते परत लावलं नाही. कित्येक वर्षं कोंबड्या त्यात पाणी प्यायच्या.

"आन् ते हूक?" मी विचारलं.

"त्याच्यावर दुधाचे कॅन. त्या दुधावर मी शिकलो. तू बी."

ग्राइंडर मी त्याच दिवशी परत केला.

आम्ही कोड लिहिणारे लोक प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहून ठेवतो. तिला कमिट मेसेज म्हणतात. काय बदललं हे कॉम्प्युटर आपोआप दाखवतो, का बदललं हे माणसाला लिहावं लागतं. ते लिहिलं नसेल तर दोन वर्षांनी नवा माणूस येतो, त्याला ती ओळ चूक वाटते आणि तो ती पुसून टाकतो. मग रात्री दोनला सगळं कोसळतं, तेव्हा कळतं ती ओळ का होती. आबांच्या गाडीपाशी मी तोच नवा माणूस होतो.

नंतर मोटोक्रॉसच्या गाड्यांचे फोटो नीट पाहिले. त्यांचं पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर असतं. कारण हेच, चिखल अडकू नये. युरोपातल्या इंजिनिअरांना जे उत्तर सापडलं, त्याच उत्तरापर्यंत आबा एका पान्याने, अंधारात, आजीला पाठीशी बांधून पोहोचले होते. त्यांची चिखलातली परीक्षा सहा दिवसांची नव्हती, एका रात्रीची होती, आणि तिला पदक नव्हतं.

त्या जुलैच्या रविवारी पांदणीत, चिखल उकरता उकरता, मी हे सगळं ग्रुपला सांगितलं. कुणी काही बोललं नाही. सरांनी आपल्या येझदीच्या मडगार्डकडे पाहिलं आणि पाना मागितला.

मी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवणार की नाही, अजून ठरलेलं नाही. हूक ठेवले तर कदाचित होणार नाही. हूक राहणार, एवढं नक्की. नागपूरहून आणलेलं मडगार्ड गोठ्यात टांगलंय.

पुढच्या भेटीत सरांनी रजिस्टर उघडलं. 'बदललेले' या रकान्याशेजारी पट्टीने एक नवी रेघ आखली होती आणि वर लिहिलं होतं, 'का?' आता ते एकेकाला घरी पाठवतात: जा, विचारून या. हँडल का वाकवलं, सीट का लांब केली, सायलेन्सर का वर घेतला. सांगणारी माणसं अजून आहेत. तुमच्याही गोठ्यात, गॅरेजात किंवा मामाच्या अंगणात अशी एखादी गाडी असेल, तर पार्ट शोधण्याआधी हे विचारून घ्या.

पांदण मात्र आहे तशीच आहे. गावापर्यंत डांबर आलं, वावरापर्यंत नाही. स्प्लेंडरवाले काका परवा पुन्हा दिसले. आता त्यांच्या मागच्या चाकालाही मडगार्ड नाही.