रांजण, नाका आणि शटल बस : रानात जाण्याच्या वाटेचा इतिहास

आजच्या विषयात 'शटल बस' हा शब्द बघून काही जणांना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हे बसचं तिकीट कुठून आलं? राष्ट्रीय उद्यान बघायला जायचं, गाडी बाहेर ठेवायची, तिकीट काढून तिथल्या बसने आत जायचं, यात इतिहास कसला? आहे. आणि तो आपल्या शहापूर-मुरबाडच्या अंगणातून जातो. म्हणून आज सुरुवात नाणेघाटापासून करू या.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं, टोकावडे मागे टाकलं, की वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाटाची वाट चढते. वर पोहोचलं की दगडात कोरलेली गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख अभ्यासक सहसा मानतात. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. अंकांच्या इतिहासात या आकड्यांना फार मोठं स्थान आहे. आपण मात्र आज गुहेच्या जवळच्या दगडी रांजणाकडे बघणार आहोत. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याने या रांजणात जकातीची नाणी टाकायची, असं परंपरा सांगते. घाटाचं नावही लोक त्या नाण्यांशीच जोडतात.

आता घाट म्हणजे काय, ते व्यवहारात बघा. कल्याण, सोपारा या बंदरांतून माल निघायचा. खालच्या सपाटीवर एक वाहन चालायचं, घाटात दुसरं. गाडी पायथ्याशी थांबणार, पुढे माणूस, बैल, घोडं. वर जुन्नरला जायचं तर नाक्यावर पैसे मोजायचे, कारण वाट कोणीतरी खोदलेली असते, राखलेली असते, पाण्याची टाकी कोरलेली असतात. म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या: पायथ्याशी वाहन बदलणं, नाक्यावर पैसे भरणं, आणि त्या पैशातून वाट राखणं. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. आजच्या शटल बसमध्येही याच तीन आहेत.

आता थोडं पश्चिमेला, कान्हेरीला. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शंभराहून जास्त लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी आपल्याला भेटतात. म्हणजे ज्या कल्याणहून एक वाट मुरबाडमार्गे नाणेघाटात जायची, त्याच कल्याणचे लोक कान्हेरीला दान देत होते. हे उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय, साधारण 104 चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात हे रान उरलं कसं?

याचं एक मोठं कारण पाणी. मुंबईला नळाचं पाणी हवं होतं म्हणून 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी. दोन्ही आज त्याच उद्यानात आहेत. तलाव राखायचा तर भोवतालचं पाणलोट क्षेत्र राखायला हवं, तिथे वस्ती नको, शेती नको. रानावर पहिला कडक पहारा बसला तो वाघासाठी नव्हे, शहराच्या पाण्यासाठी. हे पाणी पुरेना, तेव्हा नजर शहापूरकडे वळली. 1892 मध्ये तानसा धरण पुरं झालं आणि आपल्या तालुक्यातून मुंबईपर्यंत जलवाहिनी गेली. तानसाच्या भोवतालचं जंगल 1970 मध्ये अभयारण्य झालं. 2014 मध्ये याच तानसात रानपिंगळा दिसला. हे छोटं घुबड शंभराहून जास्त वर्षं कोणाला सापडलंच नव्हतं, 1997 मध्ये ते पुन्हा सापडलं होतं. आणि दुसऱ्या बाजूला, याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. रान राखलं गेलं, पण राखण्याचा फायदा कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. तो आपल्याला शेवटी परत लागणार आहे.

आता माणसांची ये-जा बघू. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढच्या वर्षी कल्याण, 1861 मध्ये कसारा, 1865 मध्ये थळघाट ओलांडून इगतपुरी. आसनगाव, आटगाव ही स्टेशनं याच वाटेवरची. मुरबाडला आजही रेल्वे नाही. तिथला माणूस एसटीने नाहीतर जीपने कल्याण गाठतो. पण मुद्दा असा, की शे-दीडशे वर्षं माहुलीला जाणारा माणूस आसनगावला उतरूनच गेला. तिकीट काढून सगळ्यांबरोबर प्रवास, आणि मग पायपीट. स्वतःची चारचाकी थेट धबधब्याखाली नेऊन लावायची, ही सवय फार तर तीस-पस्तीस वर्षांची आहे. आपल्याला वाटतं की बसची सक्ती हे नवं बंधन. इतिहासात बघितलं तर नवी आहे ती खासगी गाडी.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1872 चं. तिथे सुरुवातीला लोक घोड्यांच्या भाड्याच्या गाड्यांतून फिरत. मोटारीला परवानगी मिळाली ती 1915 मध्ये. अलास्कात डेनाली नावाचं उद्यान आहे, तेव्हा त्याचं नाव माउंट मॅकिन्ली. तिथे बहुतेक लोक आगगाडीने यायचे. 1971 मध्ये मोठ्या शहरांना जोडणारा महामार्ग तयार झाला आणि मोटारींचा लोंढा येणार हे दिसू लागलं. लगेच पुढच्या वर्षी, 1972 मध्ये, त्यांनी ठरवलं: उद्यानात एकच रस्ता आहे, सुमारे दीडशे किलोमीटरचा. खासगी गाडी पहिल्या चोवीस किलोमीटरपर्यंत, पुढे तिकीट काढून बस. गर्दी झाल्यावर नव्हे, गर्दी येण्याआधी निर्णय झाला. 2021 पासून त्या रस्त्यावर दरड सरकत असल्यामुळे बस अर्ध्याच्या आत थांबते. दरड म्हटल्यावर माळशेजवाल्यांना वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रात याची सर्वात जुनी ओळखीची उदाहरणं बघू. माथेरान. 1850 मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि थंड हवेचं ठिकाण वसलं. आधी घोडं, पालखी. मग 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली, आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून. आजही मोटार दस्तुरी नाक्याला थांबते, तिथे प्रवेशाचा कर भरायचा आणि पुढे चालत, घोड्यावर, नाहीतर गाडीने. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं. पण त्या मोटारबंदीची एक किंमत होती: माणूस माणसाला हातरिक्षात ओढत होता. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा बंद करायला सांगितलं आणि ई-रिक्षाचा मार्ग दाखवला. म्हणजे गाड्या बाहेर ठेवल्या, इतकं म्हणून काम संपत नाही. आतलं ओझं कोण वाहतं, हे विचारावं लागतं.

अजिंठ्याला गेलात तर फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवावी लागते आणि चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. चित्रांना धुराचा त्रास नको, हे कारण. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी, दिवसाला माणसांची मर्यादा, वाहनतळ लांब आणि तिथून बस. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव आलं आणि गर्दी उसळली. तिथलं तिकीट आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या सांभाळतात. गावातली पोरं वाट दाखवतात, पार्किंग बघतात. तिथे आधी कुंपण घातलं होतं, पुढे ते काढलं. म्हणजे नियम एकदा केला आणि झालं, असं नसतं. बघत बघत दुरुस्त करावा लागतो.

आता व्यवहाराचं बोलू, कारण व्याख्यान ऐकून रविवारी कोणीतरी निघणारच. (हशा) समजा मुरबाडहून किंवा शहापूरहून कान्हेरीला जायचंय. मुरबाडकराने एसटीने कल्याण गाठायचं, शहापूरकराने आसनगावहून लोकल पकडायची. दादरला बदलून बोरिवली. पूर्वेला उतरलं की उद्यानाचं फाटक चालत जाण्याच्या अंतरावर. सोमवारी उद्यान बंद असतं, हे आधी लक्षात ठेवा. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. तिकिटं वेगवेगळी असतात: उद्यानाच्या प्रवेशाचं एक, आतल्या बसचं दुसरं, आणि लेण्यांचं तिसरं, ते पुरातत्त्व खात्याचं. एक काढलं म्हणजे सगळं झालं, असं समजू नका.

आणि कुठल्याही शटलच्या ठिकाणी बेत उलटा आखायचा. आधी परतीची शेवटची बस किती वाजता ते विचारायचं, मग वर किती वेळ थांबायचं ते ठरवायचं, आणि शेवटी घरून कधी निघायचं ते. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना रांग लहान असते. घरात म्हातारं माणूस असेल तर बस जिथे सोडते तिथून किती पायऱ्या आहेत, ते विचारून घ्या. कान्हेरीला बस पायथ्याशी सोडते, चढ आपलाच. जुना व्यापारीही असाच हिशेब करायचा: पुढचा मुक्काम कुठे, पाणी कुठे, नाक्यावर किती.

आता येऊ या आपल्या दारात. गेल्या काही वर्षांत पावसाळा आला, की धबधबे आणि धरणांच्या परिसरात प्रशासन बंदी आदेश काढतं. त्यामागे बुडून झालेले मृत्यू आहेत, ते नाकारता येत नाहीत. पण बंदी म्हणजे चहाची टपरी, भाकरी करून देणारी बाई, टमटमवाला, वाटाड्या, या सगळ्यांचा हंगाम बुडाला. बंदी नाही, तर घाटात गाड्यांची रांग आणि रुग्णवाहिका अडकलेली. आपण दोन टोकांत झुलतोय: सगळं उघडं, नाहीतर सगळं बंद. आणि इतिहास आपल्याला तिसरी गोष्ट दाखवतोय, मोजलेली वाट.

माळशेज हा राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथली वाहतूक अडवता येणार नाही. पण घाटात थांबायला मनाई, पायथ्याच्या टोकावडे-मोरोशी भागात वाहनतळ, आणि तिथून तिकिटाची गाडी, हे अशक्य नाही. माहुलीला तर आसनगाव स्टेशन हाताशी आहे. गाडीत बसलेली माणसं मोजलेली असतात, म्हणून संध्याकाळी कोण खाली आलं नाही, हेही कळतं. पावसाळ्यात एवढ्या एका गोष्टीने जीव वाचू शकतो.

फक्त दोन अटी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली कायद्यातच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात प्रवेशाला परवाना लागतो, पर्यटनासाठी तो देता येतो, त्यासाठी शुल्क घेता येतं. पण ज्यांची आत घर-जमीन आहे, त्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांना त्या अडवणुकीतून वगळलंय. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर रानातल्या माणसांचे हक्कच मान्य केले. तेव्हा नाका पाहुण्यांसाठी असावा. मोहाची फुलं वेचायला निघालेल्या कातकरी बाईला, गुरं घेऊन जाणाऱ्या ठाकराच्या पोराला तिथे कोणी 'तिकीट कुठंय' विचारता कामा नये.

दुसरी अट रांजणाची. त्यात पडलेलं नाणं कुठे जायचं? निदान वाट आणि पाण्याची टाकी तरी समोर दिसत होती. तिकिटाच्या पैशाचा हिशेब तसाच समोर दिसला पाहिजे: ग्रामसभेत वाचलेला, फळ्यावर लिहिलेला. तानसाच्या वेळी शहापूरने पाणी दिलं आणि बदल्यात काय मिळालं, हे विचारायला त्या वेळी कोणी नव्हतं. आता रान बघायला शहर पुन्हा आपल्याकडे येतंय. नाका कधी ना कधी बसेल. तो कोण चालवणार, गाडी कोणाची असणार आणि गल्ल्याचा हिशेब कोण वाचणार, हे पहिली बस सुटण्याआधी आपल्या ग्रामसभांनी ठरवायला हवं. एकदा ठेका दुसऱ्या कोणाला गेला, की मग आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी आपण रांगेत उभे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.