शेर, कोस आणि सोंगट्या

भाषेशी ज्यांचा रोजचा व्यवहार असतो त्यांना शब्दांच्या खेळात आपण सहज जिंकू असे वाटत असते. स्क्रॅबलच्या पटावर हा समज फार काळ टिकत नाही. आम्ही मोठ्या डौलाने एखादा सात अक्षरी शब्द जुळवू पाहतो, आणि समोरचा खेळाडू दोन-दोन अक्षरांचे, आम्ही कधी न ऐकलेले शब्द मांडून पुढे निघून जातो. हा पराभव समजून घ्यायचा तर या खेळाचा इतिहास पाहावा लागतो.

मंदीच्या काळात बेकार झालेला न्यूयॉर्कचा वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स याने १९३१ च्या सुमारास या खेळाची पहिली मांडणी केली. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रांतील मजकूर मोजून ठरवले. पुढे शंभर सोंगट्यांपैकी 'ई'च्या १२ झाल्या. नुसती अनेकवचने करून कोणी गुण लाटू नयेत म्हणून 'एस'च्या केवळ ४. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने खेळाला स्क्रॅबल हे नाव दिले. सोंगट्यांचा हिशेब असा रोजच्या वाचनातल्या भाषेवर बेतलेला होता.

पटाच्या रचनेत मात्र निराळीच शक्यता दडलेली होती. मांडलेल्या शब्दाला खेटून, समांतर असा दुसरा शब्द ठेवला, तर वरखाली जुळणारी प्रत्येक जोडीही शब्द असावी लागते आणि तिचेही गुण मिळतात. एकाच सोंगटीचे गुण अशा तऱ्हेने दोनदा वसूल होतात. इंग्रजीतले मान्य दोन अक्षरी शब्द शंभराहून थोडेच अधिक आहेत. ते ज्याला पाठ, त्याला दाटीवाटीच्या पटावरही जागा सापडते.

मान्य शब्द कोणते, हा वाद मिटवण्यासाठी १९७८ साली अमेरिकेत खेळाडूंचा स्वतंत्र कोश निघाला. त्यात अर्थ त्रोटक होते. पुढे स्पर्धांसाठी निघालेल्या यादीतून तेही गळाले. २००६ पासून तेथील स्पर्धांत 'क्यू' आणि 'आय' या अक्षरांचा, प्राणशक्ती या अर्थाचा चिनी शब्द मान्य झाला, आणि 'यू'ची वाट पाहत अडून राहणारा दहा गुणांचा 'क्यू' मोकळा झाला. त्याच वेळी पिझ्झाचे बोलीतले लघुरूप 'झा' हेही यादीत आले.

२०१५ साली पर्थ येथे नायजेरियाचा वेलिंग्टन जिघेरे जगज्जेता झाला. लांब शब्दांचा हव्यास टाळून आखूड शब्द खेळायचे आणि कामाची अक्षरे हाती राखायची, ही नायजेरियन खेळाडूंची पद्धत त्यामुळे जगापुढे आली. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने फ्रेंच भाषेतील जगज्जेतेपद मिळवले. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. त्याने शब्द तेवढे पाठ केले होते. २०२४ मध्ये स्पॅनिशच्या बाबतीतही त्याने हेच करून दाखवले.

यात भाषेचा ऱ्हास झाला असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता. पण इंग्रजीच्या या तीन अक्षरी शब्दांत 'शेर' आहे, 'कोस' आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि ही मापे बाजारातून व रस्त्यांवरून हळूहळू उठली. परदेशातील एखादा खेळाडू आज 'शेर' मांडतो तेव्हा त्याला तीन सोंगट्या आणि त्यांचे गुण एवढेच दिसते. त्याचा उच्चारही तो वेगळा करत असेल. आपल्याकडे वजन गेले, तरी 'शेरास सव्वाशेर' म्हणताना त्या शब्दाचा भार अजून जाणवतो. यादी शब्दाला मरू देत नाही, हे तिचे श्रेय आम्ही मान्य करतो. त्याला जिवंत ठेवायचे काम मात्र बोलणाऱ्याकडेच राहते, आणि वर्गात शब्दार्थ पाठ करून घेणाऱ्या आम्हां शिक्षकांना हे विसरून चालणार नाही.